टाचेतला थेंब आणि कागदावरचा डाग

बीएस्सीला मायक्रोबायोलॉजी घेतलेल्या प्रत्येकाने एक प्रॅक्टिकल केलेलं असतं. पेट्री डिशमध्ये अगार ओतायचा, त्यावर जिवाणू पसरवायचे, अँटिबायोटिकमध्ये भिजवलेल्या कागदाच्या बारक्या चकत्या ठेवायच्या आणि डिश रात्रभर इन्क्युबेटरमध्ये. सकाळी चकतीभोवती मोकळी गोल जागा दिसते, कारण तिथे जिवाणू वाढलेलेच नसतात. पट्टीने व्यास मोजायचा, जर्नलमध्ये आकृती काढायची, मॅडमची सही घ्यायची. संपला विषय.

आता हेच प्रॅक्टिकल उलटं करून बघा. अगारमध्येच असं एक रसायन मिसळायचं, की जिवाणू वाढूच शकणार नाहीत. मग त्यावर चकती ठेवायची, पण औषधाची नाही. दोन-तीन दिवसांच्या बाळाच्या टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब ज्यात वाळलाय, अशा कागदाची. सकाळी शंभर चकत्यांपैकी नव्व्याण्णव चकत्यांभोवती काहीच दिसत नाही. एका चकतीभोवती मात्र पांढुरकं कडं उठलेलं असतं. त्या बाळाच्या रक्तात असं काहीतरी जास्त आहे, ज्याने अडवलेल्या जिवाणूंना वाढायला वाट करून दिली. कडं जेवढं मोठं, तेवढं ते द्रव्य जास्त. ते बाळ वरून अगदी ठणठणीत दिसत असतं, आईच्या कुशीत दूध पीत असतं. पण आज काही केलं नाही, तर वर्षभरात त्याच्या मेंदूचं कायमचं नुकसान होणार असतं.

हे ज्यांनी केलं त्यांचं नाव डॉ. रॉबर्ट गथ्री. जगभरात बाळांच्या रक्ताच्या त्या कागदी कार्डाला आजही गथ्री कार्ड म्हणतात. तुमच्यापैकी जे कुणी डीएमएलटी किंवा बायोकेमिस्ट्री करून लॅबमध्ये जाणार आहेत, त्यांच्या हातात हे कार्ड कधी ना कधी येईल. तेव्हा त्यामागचा माणूस माहीत असलेला बरा.

गथ्री जन्मले २८ जून १९१६ रोजी, अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या मॅरिअनव्हिल या छोट्या गावात. वाढले मिनियापोलिसमध्ये. शिकायची हौस दांडगी. पदव्यांवर पदव्या घेत गेले. एमडी झाले, पीएचडीही केली. घरात बायको मार्गारेट आणि सहा मुलं. त्यातला जॉन १९४७ सालचा. तो बोलायला, चालायला, शिकायला मागे पडला. त्याच्या बौद्धिक अपंगत्वाचं कारण डॉक्टरांना शोधूनही सापडलं नाही. बाप स्वतः डॉक्टर, वर संशोधक, आणि आपल्याच पोराला काय झालंय हे सांगता येत नाही. त्या काळात अशा मुलांना घरापासून लांब मोठ्या संस्थांमध्ये ठेवून द्यायची पद्धत होती. गथ्री दांपत्य पालकांच्या संघटनेत गेलं आणि तिथे जोमाने काम करू लागलं.

१९५४ मध्ये ते न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात रॉसवेल पार्क या कॅन्सर संशोधन संस्थेत लागले. (शहराचं नाव खरंच म्हशीवरून वाटतं, पण हसू नका, पुढचं सगळं तिथेच घडलं.) तिथलं त्यांचं काम काय? कॅन्सरच्या रुग्णांच्या रक्तात अमुक एक द्रव्य किती आहे, हे जिवाणूंच्या वाढीवरून ओळखायचं. म्हणजे तुमचं वरचं उलटं प्रॅक्टिकल ते रोज करत होते, फक्त वेगळ्या कारणासाठी.

इथे जरा थांबून त्या आजाराकडे वळू. फेनिलकेटोन्युरिया. नाव जीभ वळणार नाही असं, म्हणून सगळे पीकेयू म्हणतात. प्रथिनांमध्ये फेनिलअ‍ॅलनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. आईच्या दुधात असतं, डाळीत असतं, अंड्यात असतं. आपलं यकृत एका एन्झाइमच्या मदतीने त्याची विल्हेवाट लावतं. काही बाळांत ते एन्झाइम जन्मतःच काम करत नाही. आई-बाप दोघेही निरोगी, पण दोघांकडेही एकेक बिघडलेलं जनुक. दोन्ही बाळाकडे आली की आजार, आणि तशी शक्यता प्रत्येक खेपेला चारात एक. पोटात असेतो आईचं शरीर सांभाळून घेतं. जन्मानंतर दूध सुरू झालं की फेनिलअ‍ॅलनिन रक्तात साचत जातं आणि वाढणाऱ्या मेंदूला मारक ठरतं.

हा आजार सापडला तो एका आईच्या चिकाटीमुळे. नॉर्वेतल्या बोर्ग्नी एगेलांड यांची दोन मुलं मतिमंद होती आणि त्यांच्या अंगाला, लघवीला एक विचित्र कुबट वास यायचा. कुणी लक्ष देईना. शेवटी १९३४ मध्ये डॉ. अस्बियॉर्न फॉलिंग यांनी त्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं आणि द्रावण हिरवं झालं. तिथून फेनिलपायरुविक आम्लाचा आणि आजाराचा शोध लागला. इलाज यायला मात्र १९५३ उजाडलं. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला डॉ. हॉर्स्ट बिकेल यांनी फेनिलअ‍ॅलनिन काढून टाकलेलं खास दूध बनवून एका छोट्या मुलीला दिलं आणि ती सुधारू लागली. तिथेही मुलीची आई रोज लॅबच्या दारात उभी राहून डॉक्टरांना भंडावत होती. या सगळ्या गोष्टीत पालकांचा हट्ट वजा केला तर फार थोडं उरतं, असं मला वाटतं.

म्हणजे इलाज होता. अडचण एवढीच, की नुकसान व्हायच्या आधी आजार ओळखता येत नव्हता. फेरिक क्लोराइडची लघवीची चाचणी बाळ काही आठवड्यांचं झाल्यावरच खात्रीने रंग दाखवते. तोवर उशीर झालेला असतो.

बफेलोत डॉ. रॉबर्ट वॉर्नर यांनी गथ्रींना हा प्रश्न सांगितला. वॉर्नर लहान मुलांच्या पुनर्वसन केंद्राचे प्रमुख. खास आहारावर असलेल्या मुलांच्या रक्तातलं फेनिलअ‍ॅलनिन वरचेवर मोजावं लागायचं आणि तेव्हाची पद्धत वेळखाऊ होती, रक्तही बरंच लागायचं. गथ्रींना उत्तर जवळपास तयारच दिसलं. बॅसिलस सबटिलिस हा लॅबमधला नेहमीचा जिवाणू आणि त्याला अडवणारं थायनिलअ‍ॅलनिन हे रसायन. फेनिलअ‍ॅलनिन भरपूर असलं की हा अडथळा मोडतो. अवघ्या काही दिवसांत चाचणी उभी राहिली. साल १९५७. पुढच्या वर्षी त्यांनी कॅन्सरचं काम सोडलं आणि बफेलोच्या बालरुग्णालयात गेले.

पण तेव्हाही ही चाचणी होती आधीच सापडलेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी. सगळ्या नवजात बाळांना ती करायची, हे डोक्यात यायला घरातच एक घाव बसावा लागला. त्यांच्या बायकोच्या बहिणीला मुलगी झाली. नावाप्रमाणे भाचीच, पण तिचं निदान झालं पंधरा महिन्यांची झाल्यावर. पीकेयू. आहार सुरू केला, पण झालेलं नुकसान भरून येणारं नव्हतं. विचार करा, जगात ज्या माणसाकडे या आजाराची सगळ्यात सोपी रक्तचाचणी होती, त्याच्याच नात्यातलं बाळ वेळेवर तपासलं गेलं नाही. कारण तपासायला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता येतो कागद. माझ्या मते गथ्रींचं मोठेपण जिवाणूंपेक्षा या कागदात जास्त आहे. द्रव रक्त म्हटलं की सुई आली, नळी आली, बर्फ आला, सांडण्याची भीती आली. गथ्रींनी बाळाची टाच टोचली, जाडसर शोषक कागदावर थेंब टिपला आणि वाळवला. वाळलेलं रक्त पाकिटात घालून साध्या टपालाने पाठवता येतं. लॅबमध्ये त्याची चकती कापायची आणि डिशवर ठेवायची. एका डिशवर कित्येक बाळं मावतात, सोबत फेनिलअ‍ॅलनिनचं प्रमाण माहीत असलेल्या चकत्या तुलनेसाठी. याचा अर्थ असा, की जिथे बाळ जन्मतं तिथे लॅब असायची गरजच उरली नाही. फक्त कागद, सुई आणि टपालपेटी.

आधी त्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या एका मोठ्या संस्थेतल्या मतिमंद रहिवाशांची तपासणी केली. माहीत असलेले रुग्ण तर पकडले गेलेच, शिवाय लघवीच्या चाचणीतून सुटलेलेही सापडले. मग सरकारी मदतीने मोठी चाचणी झाली. २९ राज्यं, चार लाखांहून जास्त बाळं आणि त्यातून ३९ पीकेयूची मुलं वेळेवर हाती लागली. म्हणजे साधारण दहा हजारांत एक. १९६३ मध्ये गथ्री आणि त्यांच्या सहकारी एडा सूसी यांचा शोधनिबंध आला, आणि त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स राज्याने ही तपासणी कायद्याने सक्तीची केली.

सगळे खूश होते असं समजू नका. डॉक्टरांच्या संघटनांना कायद्याची सक्ती पटत नव्हती. रुग्णाला काय तपासायचं हे सरकारने का सांगावं, हा त्यांचा मुद्दा. पालकांच्या संघटनांनी राज्या-राज्यात पाठपुरावा करून कायदे करून घेतले. गथ्री स्वतः हॉस्पिटलं, परिषदा, सरकारी कचेऱ्या पालथ्या घालत होते. पण घाईची किंमतही मोजावी लागली, हे सांगायला हवं. सुरुवातीच्या वर्षांत काही बाळांत फेनिलअ‍ॅलनिन थोडंच वाढलेलं असायचं, त्यांनाही कडक आहार दिला गेला आणि त्यांची उपासमार झाली. कारण फेनिलअ‍ॅलनिन शरीराला थोडं लागतंच. पहिला रिझल्ट आला की दुसऱ्या पद्धतीने खात्री करायची, हा नियम लॅबवाल्यांनी अशा ठेचा खाऊन शिकला.

आणि मग पैशांचं भांडण. चाचणीचं पेटंट घेऊन उत्पादनाचे हक्क एका औषध कंपनीला दिले गेले. गथ्रींनी रॉयल्टी स्वतःसाठी ठेवली नाही. नंतर त्यांना कळलं, की जो किट आपण सहा डॉलरच्या आसपास बनवत होतो, त्याला कंपनी २६२ डॉलर मागतेय. ते गप्प बसले नाहीत, वर तक्रार गेली, आणि कंपनीचा एकाधिकार रद्द झाला. चाचणी स्वस्त राहिली. ती महाग झाली असती तर सक्तीचे कायदे कागदावरच राहिले असते. मला हा भाग भारी वाटतो. शोध लावणारे खूप असतात. आपल्या शोधाच्या किमतीवरून आपल्याच कंपनीशी भांडणारे कमी.

एक गोष्ट मात्र राहून राहून डोक्यात येते. जॉनला पीकेयू नव्हता. म्हणजे वडिलांनी जी चाचणी जगभर नेली, ती जॉनला जन्मतः केली असती तरी त्याला काही उपयोग झाला नसता. गथ्रींना हे पक्कं माहीत होतं आणि तरी ते पस्तीस-चाळीस वर्षं इतरांच्या मुलांसाठी राबले. त्याच कागदावर त्यांनी गॅलॅक्टोसिमियासारख्या इतर आजारांच्या चाचण्या बसवल्या. पुढे लहान मुलांच्या रक्तातल्या शिशाच्या विषबाधेवरही लढले, कारण तीही मेंदू बिघडवते आणि तीही टाळता येते.

तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेतलं. आपला काय संबंध? तर समजा, एक बाळ आपल्या वसमतला जन्मलं.

आपल्याकडे पीकेयूपेक्षा जन्मजात थायरॉइडची कमतरता कितीतरी जास्त आढळते. आयसीएमआरने मुंबईसह पाच शहरांत लाखभर बाळं तपासली, त्यात साधारण ११३० बाळांमागे एकाला ती निघाली. याची रक्तावरची तपासणी १९७०च्या दशकात कॅनडातल्या क्वेबेकमध्ये डॉ. झाँ द्युसो यांनी सुरू केली, तीही गथ्रींच्याच वाळलेल्या थेंबावर. आणि इलाज काय, तर थायरॉक्सिनची स्वस्तातली गोळी, चुरून रोज द्यायची. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली तर पोरगं इतरांसारखं शाळेत जातं. उशीर झाला तर नाही. भारतात कार्डावरची मोठी तपासणी १९८० मध्ये बंगळुरूहून सुरू झाली, कर्नाटकातली सव्वा लाख बाळं. गोव्याने २००८ मध्ये राज्यभराचा कार्यक्रम हाती घेतला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात तर २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. त्याच्या यादीत जन्मजात थायरॉइड आणि सिकलसेल आहेत. तरी देशात सगळ्या बाळांची टाच टोचली जाते, असं अजून नाही.

तर वसमतचं ते बाळ. कार्ड पुण्या-मुंबईच्या किंवा हैदराबादच्या लॅबला जाणार. पहिली अडचण वेळेची. जन्मानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत सगळ्याच बाळांचं टीएसएच उसळलेलं असतं. थेंब तेव्हा घेतला तर निरोगी बाळही आजारी वाटतं. म्हणून ४८ ते ७२ तास उत्तम. पण नॉर्मल डिलिव्हरी झालेली बाई दुसऱ्या दिवशीच घरी जायला निघते, आणि रिक्षा बाहेर उभी असते. नर्सने अडवलं नाही तर संधी गेली.

मग थेंब. टाचेच्या मधोमध नाही, कडेच्या बाजूला टोचायचं. पहिला थेंब पुसून टाकायचा. पुढचा मोठा थेंब कागदाला नुसता टेकवायचा, एकाच बाजूने, वर्तुळ पूर्ण भरून पलीकडे झिरपेपर्यंत. थेंबावर थेंब चढवला की चकतीत जास्त रक्त येतं, टाच पिळली की रक्तात पाणी मिसळतं. आकडा दोन्ही वेळा चुकतो. कार्ड आडवं ठेवून तीन-चार तास सावलीत वाळवायचं. आपल्या मे महिन्याच्या उन्हात खिडकीत किंवा कुरिअरवाल्याच्या तापलेल्या डिकीत ते पडून राहिलं, तर जी-सिक्स-पीडीसारखी एन्झाइमं मरतात आणि निरोगी बाळाला आजाराचा शिक्का बसतो. ओलं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं तर वेगळीच वाट लागते. मोंढ्यात हळदीचा सौदा होतो तो पोत्यातून काढलेल्या नमुन्यावर; नमुना ओला असेल तर अख्ख्या ढिगाचा भाव पडतो. तसंच आहे हे. लॅबमधलं मशीन कितीही भारी असू दे, ते फक्त आलेला नमुना वाचतं.

लॅबमध्ये कार्ड आल्यावर पहिलं काम मशीनचं नसतंच. कार्ड उजेडात धरून बघणाऱ्या टेक्निशियनचं असतं. डाग दोन्ही बाजूंनी सारखा आहे का, कडेने पिवळट कडं आहे का, जन्माची आणि थेंबाची वेळ लिहिलीय का. नसेल तर कार्ड बाद करून पुन्हा मागवायचं, आणि तेही लगेच, कारण घड्याळ चालूच असतं. मग तीनेक मिलिमीटरची चकती पंच होते. चकती हलकी असते, वाऱ्याने उडते, शेजारच्या खाचेत पडू शकते. म्हणजे एका बाळाचा आजार दुसऱ्याच्या नावावर. हे काम कंटाळवाणं आहे, खोटं का बोला. दिवसभरात शेकडो सारखेच लालसर-तपकिरी डाग, आणि जवळपास सगळे नॉर्मल. त्यातला जो नॉर्मल नाही तो बघताना तुम्ही पेंगलेले नसायला हवं.

आणि सापडलं तर? कार्डावर बाळाचं नाव नसतं, आईचं असतं. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे पत्ता माहेरचा. फोन नंबर बाळाच्या मामाचा, किंवा बापाचा, जो ऊसतोडीला दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला आणि ज्याने सिम बदललंय. सव्वा महिन्याने आई सासरी. रिपोर्ट तयार असतो, औषध दुकानात असतं, आणि बाळ सापडत नाही. अशा वेळी गावातल्या आशाताईंना फोन लावून, शेजाऱ्याच्या शेजाऱ्याला विचारून ते बाळ शोधणारा माणूस लॅबमध्ये लागतो. गथ्रींच्या भाचीच्या बाबतीत चाचणी होती, पण बाळापर्यंत पोचली नाही. आपल्याकडे कधी कधी रिपोर्ट पोचत नाही.

गथ्री १९८६ मध्ये निवृत्त झाले, पण फिरणं सुरूच होतं. २४ जून १९९५ रोजी सिॲटल शहरात ते गेले, एकोणऐंशीव्या वाढदिवसाला चार दिवस बाकी असताना. तोवर त्यांची जिवाणूंची डिश मागे पडू लागली होती. नव्वदच्या दशकात टँडम मास स्पेक्ट्रोमेट्री आली. एका चकतीतून काही मिनिटांत कितीतरी आजार बघता येतात. पुण्या-मुंबईच्या लॅबमध्ये आज तीच मशीन दिसतील. पण मशीनच्या तोंडाशी जे ठेवायचं ते अजूनही तेच आहे. जाडसर कागद, त्यावर छापलेली वर्तुळं, आणि बाजूला दोन रकाने: जन्माची वेळ, थेंब घेतल्याची वेळ. घरात किंवा शेजारी कुणाची डिलिव्हरी जवळ आली असेल, तर ही तपासणी होते का, कार्ड कुठे जातं आणि रिपोर्ट कुणाच्या नंबरवर येणार, हे दवाखान्यात आधीच विचारून ठेवा. नंबर असा द्या, जो बदलणार नाही.